दाईच्या हाताला गुण किती?

परिचारिकांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तो संस्थांचा, कायद्यांचा आणि समित्यांचा. विद्यार्थिनीला गुण कोणी दिले, कशासाठी दिले, पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात कोण गेली आणि कोण मागे राहिली, हा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. मी चाळीस वर्षे या व्यवसायात काढली. आधी गुण घेणारी होते, नंतर गुण देणारी झाले. दोन्ही बाजूंना उभी राहिल्यामुळे मला काही सांगण्याचा अधिकार आहे असे वाटते. त्यात माझ्या बाजूची एक चूकही आहे, तीही सांगणार आहे.

माझा जन्म १९५९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात, मांगवाड्यात झाला. हा तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. इंग्रजी अमलात वाशिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत आमच्या लोकांना मोठ्या दवाखान्यासाठी, दाखल्यासाठी, परीक्षेसाठी अकोल्याची वाट धरावी लागे. वाशिमहून निघणारी मीटरगेजची संथ गाडी ही आमच्या पिढीच्या शिक्षणाची पहिली पायरी होती.

माझी आजी दाई होती. महाराष्ट्रात गावोगावी सुईणपण मांगिणीकडे असे, हे सर्वश्रुत आहे. ते तिच्याकडे का होते, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. बाळंतपण हा विटाळ. रक्त, वार, नाळ यांना शिवणे म्हणजे बाटणे. म्हणून जे काम करणारीचा हात सर्वांत कुशल असायला हवा, ते काम गावाने ज्या हाताला शिवायचे नाही त्या हातावर टाकले. आजीला पाटलाच्या वाड्यात मागच्या दाराने बोलावीत. ती मूल हातात घेई, नाळ कापी, वार पुरी, पोटऱ्याला चिकटलेले रक्त धुई. काम संपले की तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतीत. पायलीभर ज्वारी आणि जुने लुगडे ही मजुरी. ज्या पोराला तिने जगाचा पहिला हात लावला, ते पोर चालू लागले की तिच्या सावलीपासून दूर होई.

तिचे ज्ञान खोटे नव्हते. वार आपोआप सुटू द्यावी, ओढू नये, हे तिला ठाऊक होते. ती म्हणे, "घाई करशीन तं माय जाईन." पुढे हेच वाक्य मी प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात वाचले, तिथे ते नियम म्हणून छापलेले होते. पण आजीचे सगळेच बरोबर होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती विळ्याने नाळ कापी. गावात कितीतरी बाळे आठव्या-नवव्या दिवशी आखडून मरत. तो धनुर्वात होता, हे तिला कोणी सांगितले नव्हते. म्हणून शिक्षणाची गरज होती, आणि ते मोजण्यासाठी परीक्षेचीही गरज होती. माझा वाद परीक्षेशी नाही. परीक्षेत कशाला गुण ठेवले आणि ते कोणाच्या हाती दिले, याच्याशी आहे.

आधुनिक परिचारिका-शिक्षणाची सुरुवात १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शाळेपासून मानली जाते. या शाळेत प्रत्येक उमेदवार मुलीचा महिनेवार तक्ता अधिसेविका भरीत असे. त्यात एका बाजूला कामाचे रकाने होते: जखमा बांधणे, जळवा लावणे, एनिमा देणे, असहाय रुग्णाला हलवणे, बिछाना करणे, रुग्णाचे निरीक्षण. दुसऱ्या बाजूला वर्तनाचे रकाने होते: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, अंगाची स्वच्छता आणि टापटीप. शेरे पाच प्रकारचे होते: उत्कृष्ट, चांगले, मध्यम, अपूर्ण आणि शून्य. पुढे त्याच शाळेत मुलींचे दोन वर्ग झाले. स्वतःचा खर्च करणाऱ्या घरंदाज बाया एका बाजूला आणि साध्या घरच्या मुली दुसऱ्या बाजूला. अधिसेविकांच्या जागा पहिल्या वर्गाकडे जात, वॉर्डातले काम दुसऱ्याकडे राही.

हा तक्ता बारकाईने पाहिला पाहिजे. जखम नीट बांधली की नाही, हे कोणालाही डोळ्याने दिसते. 'शांतपणा' आणि 'विश्वासूपणा' मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतात. इंग्लंडात ते डोळे वर्गाचे होते. हीच पद्धत आपल्याकडे आली तेव्हा ते डोळे वर्णाचेही झाले.

आपल्याकडे १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी तयार करणे हा त्याचा हेतू होता. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. तो खास देशी दाईंच्या प्रशिक्षणासाठी होता. म्हणजे आमच्या आज्या सरकारच्या नजरेत आल्या होत्या. पण त्या नजरेत दाई ही बहुधा घाणेरडी, अडाणी, बाळे मारणारी बाई होती. तिला घाण कामावर कोणी बसवले, हा प्रश्न त्या अहवालांना पडला नाही.

पगारी परिचारिका म्हणून प्रथम पुढे आल्या त्या अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुली. सवर्ण हिंदू घरांना हे काम विटाळाचे वाटे. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयात मुली शिकायला पाठवल्या, तेव्हा त्यांना घरोघर मने वळवावी लागली. ही त्यांची कामगिरी मोठीच आहे. तरी विरोधाभास पाहा. एका समाजातल्या मुलींना रक्ताला हात लावण्यासाठी समजावून आणावे लागत होते, आणि दुसऱ्या समाजातल्या बायांना दुसरे काही करण्याची मुभाच नव्हती. त्याआधी, १८९७ च्या प्लेगात, मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल उचलून सावित्रीबाई फुले यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. शुश्रूषेचा खरा आरंभ मी तिथे मानते, कारण तिथे प्रथम स्पर्शाचा प्रश्न सोडवला गेला. दिवा हातात घेऊन शपथ घेताना आम्हाला हे नाव कोणी सांगितले नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्या वेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने परिचारिकांच्या दोन श्रेणी सुचवल्या: माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेल्या मुलींसाठी कनिष्ठ आणि मॅट्रिक झालेल्या मुलींसाठी वरिष्ठ. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर शिक्षणाचा एकच दर्जा ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. पन्नाशीच्या दशकात सहायक परिचारिका प्रसाविकेचा, म्हणजे आपण ज्याला एएनएम म्हणतो तो, दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. सातवी-आठवी शिकलेल्या खेड्यातल्या मुलीला हे पहिले दार होते. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर, १९७७ पासून, हा अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला आणि त्याला दहावी लागू लागली. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याने मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांतील परिचारिकांची नोंदणी एका छत्राखाली आली.

मी दहावी झाले आणि १९७७ साली साडेतीन वर्षांच्या मोठ्या अभ्यासक्रमाला लागले. विदर्भातल्याच एका शाळेत. तिचे नाव लिहीत नाही, कारण तिथे जे घडले ते त्या एका शाळेपुरते नव्हते.

आमची चढण अशी होती. पहिले काही महिने कच्चे. या काळात पुतळ्यावर आणि एकमेकींवर शिकायचे. मग डोक्यावर टोपी चढे. दुसऱ्या वर्षी टोपीवर एक पट्टी, तिसऱ्या वर्षी दोन. आमचे ज्ञान दुरूनही मोजता येई, कोणाच्या डोक्यावर किती पट्ट्या आहेत ते पाहून. प्रत्येक वर्षाच्या शेवटी लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि तोंडी. पास होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक यांत वेगवेगळे निम्मे गुण हवेत. त्याशिवाय वर्षभराचे अंतर्गत गुण, हजेरी आणि केसबुक. प्रसूतिशास्त्रात स्वतः केलेल्या वीस प्रसूती केसबुकात नोंदवून त्यावर परिसेविकेची सही घ्यावी लागे. सही नाही तर केस नाही, केस नाही तर परीक्षा नाही.

लेखी परीक्षेत मी कधी मागे पडले नाही. उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक असे, आडनाव नसे. तपासणारीला माझा मांगवाडा दिसत नसे. आम्हा मुलींना त्या आसनक्रमांकाचे किती अप्रूप होते, हे ज्यांचे आडनाव कधी आड आले नाही त्यांना कळणार नाही.

प्रात्यक्षिकाचे तसे नव्हते. त्याचे गुण परीक्षेच्या दिवशी ठरत नाहीत, ते ड्यूटीच्या वहीत ठरतात, हे मला फार उशिरा उमगले. प्रसूतिगृहात माझी पाळी असली की मला भांडी आणि कपडे धुण्याच्या खोलीत पाठवले जाई. "तुला काय, सवय आहे," असे हसून सांगितले जाई. बेडपॅन धुणे हे शुश्रूषेचेच काम आहे आणि त्याची मला लाज नव्हती. पण त्याला केसबुकात रकाना नव्हता. माझ्या बरोबरीच्या मुलींच्या बारा-तेरा प्रसूती झाल्या तेव्हा माझ्या पाच होत्या. मग मी रात्रपाळ्या मागून घेतल्या. पहाटे तीन-चारला बाया मोकळ्या होतात, हे आजीकडून ऐकले होते. त्या वेळी वरिष्ठ मंडळी डुलकी घेत असत आणि केस माझ्या हाती येई. अशा रीतीने वीस पुऱ्या केल्या.

परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या गावाचा, दुसरा घरी कोण काय करते याचा. मी आजीचे काम सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तुला इथे यायची गरज काय होती?" शेजारी बसलेल्या हसल्या. पुढचे प्रश्न मला नीट ऐकूही आले नाहीत. पुतळ्यावर बाळाचे डोके कसे वळते ते दाखवताना हात थरथरला. प्रात्यक्षिकात नापास. त्या नियमाप्रमाणे प्रात्यक्षिक गेले की लेखीही पुन्हा द्यावे लागे. सहा महिने गेले. माझ्याबरोबरच्या मुली नोकरीला लागल्या, त्यांची ज्येष्ठता माझ्यापुढे गेली आणि ती निवृत्तीपर्यंत पुढेच राहिली. वसतिगृहातल्या तीन बौद्ध मुलींनी त्या सहा महिन्यांत माझी पुस्तके आणि माझा डबा दोन्ही सांभाळले नसते, तर मी मीटरगेजची गाडी धरून परत गेले असते.

माझे शिक्षण चालू असतानाच आजीही शिकत होती. १९७७ नंतर सरकारने ग्रामीण भागातील दाईंना शिकवण्याची योजना जोरात घेतली. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभर आजी गेली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, एवढे तिने पाठ केले. पत्र्याची पेटी मिळाली, त्यात पाते, दोरा, साबण. परीक्षा नाही, गुण नाहीत. तिने अंगठा लावला. विळा तिने त्याच महिन्यात सोडला आणि त्यानंतर तिच्या हातचे एकही बाळ आखडून गेले नाही. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा तिने विचारले, "माय, मले किती मार्क भेटले असतीन वं?" मी त्या वेळी नुकतीच नापास झाले होते. मला उत्तर देता आले नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. पुढे मी पाठ्यनिर्देशिका झाले आणि परीक्षक म्हणून जाऊ लागले. वाशिम जिल्हा झाल्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची बंजारा मुलगी माझ्यासमोर परीक्षेला होती. तिला एका म्हातारीला पट्टी बांधून घरी घ्यायची काळजी समजावून सांगायची होती. पट्टी उत्तम बांधली. मग ती म्हातारीशी वऱ्हाडीत बोलू लागली, मधे आपल्या भाषेतले शब्दही आले. म्हातारीला सगळे कळत होते, ती मान डोलावीत होती. मी मात्र 'संवाद' या रकान्यात तिचे गुण कापले. शुद्ध बोलली नाही म्हणून. 'टापटीप' मध्येही एक गुण कमी केला. का केला, हे आज मला सांगता येत नाही. तिच्या कपड्यांवर डाग नव्हता.

गुणपत्रिका पाकिटात घालून मोहोर लागली. रात्री विश्रामगृहात अंग टेकले तेव्हा मला माझ्या परीक्षक बाईंचा चेहरा आठवला. त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनाही बहुधा वाटले असेल की आपण दर्जा राखतो आहोत. ती मुलगी पास झाली, पण प्रथम श्रेणी दोन गुणांनी हुकली, हे मला नंतर कळले. ते दोन गुण माझे होते. जिला वर्णाने नाकारले तीच बाई खुर्चीवर बसताच त्याच रकान्यात तोच शेरा लिहू शकते, हा धडा मला कोणत्याही पुस्तकाने शिकवला नव्हता. खुर्चीवर आपले माणूस बसले म्हणजे प्रश्न सुटला, असे आपण चळवळीत पुष्कळदा मानतो. रकाना तसाच राहिला तर तो बसणाऱ्यालाही आपल्यासारखा करून घेतो.

ही तक्रार केवळ आम्हा परिचारिकांची नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल २००७ साली आला. विदर्भातूनच आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात तिचे अध्यक्ष होते. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत न्याय मिळत नाही, हे त्या विद्यार्थ्यांचे म्हणणे त्या अहवालात नोंदले गेले. देशातल्या सर्वांत नामांकित संस्थेत हे, तर आमच्या तालुक्यांच्या गावांत काय असणार?

आज चित्र बरेच बदलले आहे. पदवीचा अभ्यासक्रम २०२१-२२ पासून सत्र पद्धतीचा झाला. गुणांच्या जोडीला श्रेणी आल्या, ८५ टक्क्यांच्या पुढे सर्वोच्च श्रेणी आणि परिचर्येच्या विषयांत पन्नास टक्क्यांच्या खाली नापास. लेखीत पंचवीस गुण अंतर्गत, पंचाहत्तर बाहेरचे. प्रात्यक्षिकात मात्र निम्मे गुण संस्थेच्याच हाती. दुसरीकडे दार उंच होत गेले. एएनएमला आधी सातवी-आठवी, मग दहावी, २०१२ च्या सुधारित अभ्यासक्रमापासून बारावी. आता प्रवेशासाठी सीईटीही आली. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, माता वाचू लागल्या. ते व्हायलाच हवे होते. पण दाईचे काम गेले आणि त्या कामाची नवी नोकरी तिच्या नातीला सहजी मिळेल, अशी सोय झाली नाही. विटाळ होता तोवर ते काम आमचे होते. त्याला वेतनश्रेणी लागली तशी पात्रतेची अट वाढत गेली.

एक बदल मला खराच आशेचा वाटतो. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी प्रात्यक्षिक परीक्षेची नवी पद्धत मांडली. तिला आपल्याकडे ओस्की म्हणतात. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. प्रत्येक टेबलावर ठराविक काम, ठराविक वेळ, वेगळा परीक्षक आणि छापील यादी. हात धुतले का, रुग्णाला नाव विचारले का, नाडी पूर्ण मिनिट मोजली का. केले असेल तर खूण, नसेल तर नाही. नव्या अभ्यासक्रमात ही पद्धत अंतर्गत मूल्यमापनात आली आहे. यादीलाही डोळे असतात, ती करणाऱ्याचे. तरी यादीत गावाचे नाव विचारायला जागा नसते. लेखी परीक्षेत आसनक्रमांकाने आमच्यासाठी जे केले, ते काही प्रमाणात ही यादी प्रात्यक्षिकात करू शकेल.

म्हणून माझे म्हणणे थोडे आणि व्यवहाराचे आहे. २०२३ साली संसदेने परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा नवा कायदा मंजूर केला आहे. नवे नियम होतील तेव्हा आपल्या लोकांनी केवळ राखीव जागांच्या आकड्याकडे पाहून थांबू नये. अंतर्गत गुणांचे रकाने मागावेत. ड्यूटीची वही विद्यार्थिनींना पाहू द्यावी, कोणाला किती केस मिळाल्या हे भिंतीवर लागावे. तोंडी परीक्षेत घर, गाव, आडनाव विचारण्यास मनाई असावी. रुग्णाच्या भाषेत बोलणे हा दोष न मानता त्याला गुण असावेत. आणि ज्या मुलींच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हे काम होते, त्यांच्यासाठी प्रवेशाच्या आधी वर्षभराची तयारी शासनाने आपल्या खर्चाने करून घ्यावी.

आजी १९९१ साली गेली. तिची पत्र्याची पेटी माझ्याकडे आहे. आतले पाते गंजले आहे, साबणाचा कागद उरला आहे. माझे गुणपत्रक, ते नापासाचेही, मी त्याच पेटीत ठेवले आहे. नोकरीच्या काळात मी शेकडो मुलींना गुण दिले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र देणे राहूनच गेले. आज ते इथे लिहून ठेवते. वार ओढली नाही, याचे पूर्ण. घाई केली नाही, याचे पूर्ण. वयाच्या साठीत नवे शिकून विळा टाकला, याचे पूर्णाहून अधिक. शांतपणा आणि टापटीप हे रकाने मी कोरे ठेवले आहेत.